कोपर निखळून हाड मोडल्यास केवळ प्लास्टर पुरत नाही

हाताचे हाड मोडून कोपर निखळले तरी हाड बसवून सहा आठवडे प्लास्टर घातले की पुरे, शस्त्रक्रियेने उलट हात आखडतो, असा संदेश सध्या गोव्यातील डिचोली-फोंडा भागात मोबाईलवरून फिरत आहे. लहान मुलांच्या बाबतीत त्याचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो. प्रौढांच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करणारा आहे.

मिलानचे शल्यविशारद मोंतेज्जिया यांनी 1814 साली वर्णिलेल्या या दुखापतीत करंगळीच्या बाजूचे अल्ना हे हाड मोडते आणि अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस या हाडाचे डोके, म्हणजे वरचे टोक, कोपरापाशी जागचे सरकते. अल्ना थोडेसे जरी वाकडे जुळले, तरी रेडियसचे डोके जागी टिकत नाही, आणि प्रौढांत प्लास्टरमध्ये ते हाड सरळ राखणे कठीण असल्याने शस्त्रक्रियेने धातूची पट्टी व स्क्रू लावून ते पक्के करणे हाच सर्वमान्य उपचार आहे. अल्ना नीट जुळले की डोके बहुधा आपोआप जागेवर येते. हात आखडण्याचा धोका खरा आहे, पण त्याचे एक मोठे कारण दीर्घकाळ कोपर जखडून ठेवणे हे असते. पक्क्या जोडणीमुळे हालचाल लवकर सुरू करता येते. रेडियसचे डोकेही फुटलेले असल्यास परिणाम तितका चांगला नसतो, हेही सांगायला हवे. बोटे सरळ होत नसल्यास मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. तो बहुतेकदा काही महिन्यांत सावरतो.

हाडवैद्याकडे चोळून घेण्याऐवजी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे आणि एक्स-रेमध्ये कोपर व मनगट दोन्ही आल्याची खात्री करावी, कारण केवळ मोडलेल्या भागाचाच फोटो काढल्यास निखळलेले कोपर नजरेतून सुटते.