‘९८ टक्के डीएनए झोपलेला आहे’: दाव्याची चिरफाड

फॉरवर्ड होत राहणारा मजकूर असा: माणसाचा फक्त २ टक्के डीएनए काम करतो, बाकीचा झोपलेला असतो, जनुक म्हणजे बटण, सकारात्मक विचार आणि ठरावीक कंपनं यांनी झोपलेली जनुकं २१ दिवसांत जागी होतात.

‘फक्त २ टक्के काम करतो.’ हा आकडा प्रथिनांची माहिती असलेल्या भागाचा आहे, म्हणजे जेमतेम २०,००० जनुकांचा. ती कुठल्या पेशीत, कधी आणि किती वाचायची हे ठरवणारे बरेच तुकडे उरलेल्या भागात असतात. दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक्टेजचंच बघा. बहुतेक माणसांत त्याचं जनुक बालपणानंतर मंदावतं. मोठेपणीही ते जोरात चालणाऱ्या अनेकांत फरक असतो एकाच अक्षराचा, आणि तोही जनुकापासून सुमारे १४,००० बेसजोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) दूर, शेजारच्या जनुकाच्या पोटात. लॅक्टेज प्रथिन जसंच्या तसं राहतं. बदलतं ते प्रमाण. पण म्हणून सगळेच ९८ टक्के कामाचे, असंही नाही. कांद्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, आपल्या सुमारे पाचपट आहे; म्हणून काही कांद्याला आपल्या पाचपट सूचना लागत नाहीत.

‘झोपलेलं जागं करा.’ नकोच! जीनोमचा जवळपास निम्मा भाग जागा बदलू शकणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. पेशी त्यांना मुद्दाम दाबून ठेवते: सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल हा छोटा रासायनिक गट लावते, हिस्टोनांवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) खुणा करते, तो पट्टा घट्ट गुंडाळते. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात घुसलेला असा तुकडा सापडला; दोघांच्याही आईवडिलांत तो त्या जागी नव्हता.

‘जनुक म्हणजे बटण.’ ई. कोलाय या साध्या जिवाणूतही तसं नाही. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेलं लॅक ऑपेरॉन घ्या, म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) वापरण्यासाठीच्या, एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांचा गट. लॅक्टोज नसताना रिप्रेसर प्रथिन डीएनएवर ठाण मांडून वाचन अडवतं. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेलं अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटतं आणि त्याची पकड सुटते. पण सोबत ग्लुकोज असेल तर वाचन तरीही मंदच राहतं, कारण जोर लावणारं सीआरपी प्रथिन तेव्हा पुरेसं कामाला लागत नाही. गंमत पुढे आहे. लॅक्टोज आत आणणारं प्रथिन आणि त्याचं अ‍ॅलोलॅक्टोज करणारं विकर, दोन्ही याच ऑपेरॉनमधून येतात. ‘बंद’ असतानाही या दोन्हींचे मोजके रेणू बनत राहिले नसते, तर ते लॅक्टोजने कधी चालूच झालं नसतं.

माणसाच्या पेशीत पायऱ्या जास्त. १४७ बेसजोड्यांचा पट्टा आठ हिस्टोनांभोवती गुंडाळलेला. तो सैल व्हायला हवा, नियामक प्रथिनं बसायला हवीत, डीएनएवरून आरएनए ही प्रत उतरवणारं पॉलिमरेज यायला हवं. आरएनए तयार झाल्यावरही सुमारे २२ अक्षरांचे सूक्ष्म आरएनए त्याचं भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणं, रोखू शकतात.

‘विचारांनी जनुकं बदलतात.’ यात तथ्याचा एक कण आहे. ताणात कॉर्टिसॉल वाढतं, पेशीतल्या ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ग्राही केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो. अक्षरं मात्र तीच राहतात, आणि कुठलं जनुक प्रतिसाद देणार हे त्या पेशीत आधीपासून काय उघडं आहे त्यावर ठरतं. माणसाला निवड नाही. कंपनांबद्दल बोलायचं तर पेशींना दाब आणि ताण कळतात. एखाद्या स्वराने हवं ते जनुक निवडता येतं, असं नाही.

‘२१ दिवस’ हा आकडा कुठल्या पेशीचा? एफओएस जनुक उद्दीपनानंतर काही मिनिटांत चालू होतं आणि लवकरच पुन्हा मंदावतं. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी आठवड्याभरातच बदलतात. परिपक्व तांबड्या पेशीत तर केंद्रकच नसतं.

झोपलेलं जनुक मुद्दाम जागं केल्याचं खरं उदाहरणही आहे. सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णातून रक्ताच्या मूळपेशी काढतात, गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक दाबणाऱ्या बीसीएल११ए प्रथिनाच्या जनुकाचा एन्हान्सर (वाचन वाढवणारा डीएनएचा तुकडा) क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने कापतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मग पेशी परत सोडतात. या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.