ट्रायकोकार्ड बांधून आंब्यावरची फळमाशी जात नाही

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सांगणं थोडक्यात असं: झाडाला ट्रायकोकार्ड बांधा, त्यातल्या गांधीलमाश्या फळमाशीची अंडी फस्त करतील, आठ दिवसांत बाग साफ. सापळे नकोत, फवारणी नको. हवाईत असंच करून माशी संपवली, तुमचाही माल सरळ युरोपला जाईल. फळमाशीवर वाढणारी गांधीलमाशी असते, एवढं यातलं खरं.

आधी कार्डाचं. त्यावर चिकटवलेली असतात तांदळातल्या पतंगाची अंडी, वीसेक हजार, आणि त्यांच्या पोटात वाढत असतो ट्रायकोग्रामा. मिलिमीटरभरही नसलेला हा कीटक मुख्यतः पतंगांच्या उघड्यावरच्या अंड्यांवर जातो. उसाच्या खोडकिडीवर जरूर लावा. पण फळमाशी अंडी पानावर ठेवत नाही, पाडाला आलेल्या फळाची साल टोचून आत घालते. वरून दिसतो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. ट्रायकोग्रामाचा तिथे काय पाड लागणार?

तिथवर पोचते ती वेगळी गांधीलमाशी, फोपियस अरिसॅनस. साल टोचून लांब अंडनलिका आत घालते आणि माशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते. ती कार्डावर मिळत नाही. तिला वाढवायचं तर आधी फळमाशी पाळावी लागते!

आता ‘आठ दिवसांत साफ’. मेसेज सगळ्यात जास्त फसवतो तो इथे. फोपियस माशीचं अंडं खात नाही. अंडं नेहमीसारखं फुटतं, अळी निघते, गर खाऊन पोसते, फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. त्या कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी निघते, इतकंच. म्हणजे तुमचा आंबा गेला तो गेलाच. डागी फळ कापून बघा: गराचं पाणी झालेलं असतं आणि मोठ्या झालेल्या अळ्या टुणकन उडतात. त्यांतल्या कुणाच्या पोटात गांधीलमाशी आहे हे बघून कळत नाही. फायदा होतो तो पुढच्या पिढीत, तोही पंचक्रोशीचा मिळून, एकट्याच्या बागेचा नाही.

हवाईचा दाखला अर्धवट आहे. आपल्या आंब्यावर असते तीच ओरिएंटल फळमाशी १९४०च्या दशकात तिथे शिरली, मग बाहेरून गांधीलमाश्या नेल्या, त्यांत फोपियस चांगली रुजली. पेरूवर माशी बरीच घटली. संपली मात्र नाही: तिथली पपई आजही प्रक्रिया केल्याशिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊ शकत नाही. ताहितीत १९९६ मध्ये हीच माशी सापडली, पुढे फोपियस सोडली. तिथेही घट झाली, नायनाट नाही.

युरोपचं तर सोडाच. २०१४ च्या मे महिन्यात त्यांनी आपला आंबा फळमाशीपायीच बंद केला होता. २०१५ मध्ये दार उघडलं ते ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्यासारख्या उपायांवर. तिथे एक जिवंत अळीही चालत नाही. शंभरातल्या शंभर अळ्या गाठणारी गांधीलमाशी अजून कुणी पाहिलेली नाही.

‘फवारणी नको’ हे मात्र चुकून निम्मं बरोबर निघालं. फोपियस दक्षिण आशियातलीच, भारतातही आढळते, आणि अंदाधुंद फवारणीत आधी तीच मरते. पण सापळे का काढायचे? रक्षक सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल फळमाशीच्या नरांना ओढतं, गांधीलमाशीचं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही.

हवाईचंच काही उचलायचं तर त्यांचा तंबू उचलावा. पडलेली, किडकी फळं गोळा करून जाळी लावलेल्या बंद तंबूत टाकतात. जाळीचं भोक असं बेतलेलं की आत निपजलेली फळमाशी अडकून मरते आणि बारीक गांधीलमाशी निसटून बागेत परतते. आपल्याकडे तेच फळ उचलून बांधापलीकडे फेकतात, आणि अळ्या शेजाऱ्याच्या मातीत शिरतात.