पाच सेकंदांचा स्टॉप

उन्हाळ्यात मसाल्याचा सीझन असतो हे आईमुळे माहीत होतं, पण त्या सीझनला वेबसाईटपण लागते हे यंदा कळलं. मिरच्या वाळायच्या आत ऑनलाइन दुकान चालू करून द्या असं कोल्हापूरकडच्या एका क्लायंटने सांगितलेलं, म्हणून वेबसाईट बनवायचं वर्डप्रेस, त्यावर दुकान थाटायचं वूकॉमर्स असा सगळा संसार मॅकबुकवर मांडला, मसाला डॉट लोकल असं झकास नाव दिलं आणि कामाला बसलो.

पान उघडेना. म्हणजे उघडायचं, पण उपकार केल्यासारखं. कांदा-लसूण मसाल्याच्या फोटोखालचं बटण दोन पिक्सेल वर सरकवायचं, सेव्ह, रिफ्रेश, आणि मग ते गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. बाहेरून येणारं पान असतं तर नेटवाल्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो, पण हे माझ्याच लॅपटॉपमधून माझ्याच लॅपटॉपमध्ये येत होतं. ओट्यावरचं ताट टेबलावर यायला व्हाया सातारा.

आता आपल्याला प्रोग्रामिंग येतं म्हणल्यावर संशय घ्यायला काय कमी आहे. पहिला संशय एक्सडीबगवर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या हत्यारावर, कारण तो कायम कुणावर ना कुणावर तरी पाळत ठेवून असतो. बंद केला. फरक शून्य. मग प्लगिन एकेक करून बंद केले, शेवटी दुकानात ना बिल राहिलं ना गिऱ्हाईक, पण चक्र फिरतंच. मग रागाच्या भरात नोड मॉड्यूल्सचा फोल्डर उडवला, ज्याचा ह्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, पण काहीतरी डिलीट केल्याचं समाधान हवं होतं. रॅम वाढवावी म्हणून दुकानात फोन केला तर तो म्हणाला साहेब ह्याची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नवीनच घ्या. हे तो ज्या मायेने म्हणाला तेवढ्या मायेने मला घरात कुणी कधी बोललेलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मधेच एखादवेळी पान फटकन उघडायचं. आईला दाखवायला बोलावलं की हमखास. डॉक्टरच्या दारात दात दुखायचा थांबतो तसं. "चाललंय की चांगलं, उगाच कारणं सांगतोस" म्हणून ती निघून जायची. घाईघाईत दोनदा रिफ्रेश केलं तर पळायचं, नीट विचार करून काम केलं की रखडायचं. म्हणजे माझ्या मशीनला विचार करणारा माणूस आवडत नाही असा निष्कर्ष मी जवळजवळ काढलेलाच.

बाबा बसस्टँडवरचे रिटायर्ड कंट्रोलर. आयुष्य गाड्या येण्याजाण्याची नोंद करण्यात गेलं, अजून कुणी दूध आणायला गेलं तरी मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. दुपारी पेपर घेऊन माझ्या मागे बसलेले. अर्ध्या तासाने म्हणाले,

"ही तुझी गाडी पाच सेकंद लेट आहे."

"बाबा, ती स्लो आहे."

"स्लो वेगळं, लेट वेगळं. ट्रॅफिकमुळे उशीर झाला तर एक दिवस सात मिनिटं, एक दिवस वीस. रोज बरोब्बर पंधरा मिनिटं उशिरा येत असेल तर ड्रायव्हर मधे कुठंतरी चहाला थांबतोय. मी मोजलं, दरवेळी पाच. शोध कुठं थांबतो."

मी दोन दिवस घड्याळच लावलं नव्हतं. टर्मिनल उघडलं, पान मागवून वेळ मोजणारी कर्ल नावाची कमांड चालवून नुसता नावावरून पत्ता शोधायला किती वेळ लागतो ते विचारलं. ५.००५ सेकंद. पान तयार व्हायला ०.४. म्हणजे स्वयंपाक कधीच झालेला, वाढपी पत्ता विचारत फिरत होता!

आणि का फिरत होता, तर डॉट लोकल ही शेपटी आपल्यासाठी नाहीच. ती २०१३ पासून अधिकृतपणे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, म्हणजे घरातल्या वायफायवर प्रिंटर वगैरे मंडळींनी एकमेकांना हाका मारायची सोय. मी होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या नाव-पत्त्याच्या वहीत, मसाला डॉट लोकलचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हाच लॅपटॉप, असा लिहिलेला, तो जुना आयपीव्ही४ पत्ता. मॅक बिचारा नव्या आयपीव्ही६ चा पत्तापण विचारणार, तो लिहिलेलाच नाही. मग तो चाळीच्या गॅलरीत उभं राहून ओरडणार, अहो, मसाला डॉट लोकल कुणाकडे राहतात का? टीव्ही गप्प, प्रिंटर गप्प, बाबांचा फोन गप्प. पाच सेकंद कान देऊन उभा राहायचा आणि मग हातातल्या पत्त्यावर यायचा. सापडलेला पत्ता क्रोम मिनिटभर लक्षात ठेवायचं, म्हणून घाईतलं रिफ्रेश पळायचं आणि आईसमोर मी तोंडावर आपटायचो.

आधी आम्ही डॉट डेव्ह वापरायचो. डिसेंबर २०१७ ला क्रोम ६३ आलं, त्याने डॉट डेव्हला एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपवालं सुरक्षित कनेक्शन, सक्तीचं केलं, लोकल साइट्स धडाधड बंद पडल्या, म्हणून मी शहाणपणाने डॉट लोकलवर आलो. आगीतून फुफाट्यात. आणि १९९९ पासून डॉट टेस्ट नावाची शेपटी खास ह्याच कामासाठी राखून ठेवलेली, रिकामी, कुणी पाहुणा येईल म्हणून वाट बघत.

होस्ट्स फाइलमध्ये मसाला डॉट टेस्ट लिहिलं. वर्डप्रेस पत्ता डेटाबेसमध्ये कोरून ठेवतं, त्यामुळे तिथला जुना पत्ता बदलण्यात अजून तासभर गेला, तो सोडा. रिफ्रेश. चक्र फिरायच्या आत मिरच्या स्क्रीनवर.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सापडला का ड्रायव्हर?"

"सापडला. रूट बदलला त्याचा."

"मेमो दिला का?"

"नाही दिला."

"द्यायचा. लेखी द्यायचा, त्याशिवाय सुधारत नाहीत."

मी हो म्हणलं. शेपटी कुणी निवडलेली ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही.