लेडीज चालवतात ना, क्लच जातोच!

क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. आसरा पुलाच्या चढावर, एप्रिलच्या भर दुपारी, पुढे टिपर, मागे रिक्षांची रांग आणि मागच्या सीटवर डोळ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला निघालेल्या सासूबाई. पायाला जोरच लागेना. बुटाच्या टोकानं पेडल उचलून वर घेतलं तर पुन्हा तसंच जाऊन बसलं. गाडीनं दोन हिसके दिले आणि बंद पडली. हँडब्रेक ओढला, हॅझर्ड लावले आणि मागून हॉर्नचा जो मारा सुरू झाला, तो थांबेचना. अरे, चारही इंडिकेटर लुकलुकतायत, दिसत नाहीत का? हॉर्न वाजवून गाडीतला क्लच दुरुस्त होतो का? एक जण बाइक आडवी लावून, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, काच खाली करायला लावून मला सांगतो, "ताई, हाफ क्लचवर चालवत असाल, पेडल अर्धं दाबून." तुला विचारलं का रे बाबा? गाडी ढकल नाहीतर पुढं हो.

ढकलली शेवटी एका रिक्षावाल्या मामांनी. "इंजिन बंद हाय ना मॅडम, मग गिअर निघतंय बघा. न्यूट्रल करा, आम्ही ढकलू लागतो." दोन कॉलेजची पोरं बोलावली, मागचा ट्रॅफिक हात दाखवून थांबवला, गाडी कडेला लावून दिली आणि नाव न सांगता निघून गेले. त्या सगळ्या दुपारीत शहाण्यासारखं बोललेला आणि वागलेला तो एकच माणूस.

मग रोडसाइड असिस्टन्स. दरवर्षी इन्शुरन्सबरोबर पैसे भरते त्याचे. पलीकडची मुलगी हिंदीत विचारते, लँडमार्क बताइए. मी म्हणते आसरा पूल. "आसरा कोई होटल है मॅडम?" होटगी रोड सांगितला, जुळे सोलापूर सांगितलं, लोकेशन पाठवलं, तरी दहा मिनिटांनी टोवाल्याचा फोन: नेमकं कुठं आहात? 42 अंशांत बंद गाडीत बसायची सोय नाही. सासूबाईंना डोळ्यांवर काळा चष्मा, ऊन लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, त्यांना रिक्षात बसवून एकट्यांना पुढे पाठवावं लागलं. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला डोळ्यांवर काळा चष्मा असताना एकटं पाठवायची वेळ माझ्यावर का आली, हे मी विसरणार नाही.

आणि आता खरी गोष्ट. सर्व्हिस सेंटर.

गाडी टो होऊन आत आली. अॅडव्हायझर टॅब घेऊन आला. बॉनेट उघडलं नाही, दार उघडलं नाही, पेडलला हात लावला नाही. टोवाल्याशी दोन वाक्यं बोलला आणि मला म्हणाला, "मॅडम, क्लच प्लेट गेली."

न बघताच?

"गाडी तुम्हीच चालवता का?"

हो.

"मग बरोबर आहे. लेडीज चालवतात ना, क्लच जातोच. पाय क्लचवरच राहतो." आणि हे अगदी समजुतीच्या सुरात, जणू मला ताप आलाय. पुढे ऐका. "सरांचा नंबर द्या, त्यांना एस्टिमेट समजावून सांगतो."

ज्या सरांचा नंबर तो मागत होता, त्या सरांना गाडी चालवता येत नाही. लायसन्स माझं. आरसी माझ्या नावावर, आणि ते नाव त्याच्या हातातल्या टॅबवर मोठ्या अक्षरांत दिसत होतं. हप्ता माझ्या पगारातून जातो. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, पुण्याला नणंदेकडे, सगळीकडे मीच चालवते. कॉलेजात असताना वडिलांच्या मारुती 800 वर शिकलेय मी. तिला क्लचची केबल होती, डिकीत एक जादा केबल कायम असायची आणि ती रस्त्याच्या कडेला कशी बदलायची हे वडिलांनी मला दाखवलं होतं. आणि हा मला क्लच समजावणार नाही, तर माझ्या नवऱ्याला समजावणार!

एस्टिमेट किती? 16,800 रुपये. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी, गिअर ऑइल. न बघता.

मी तिथेच त्याला सांगितलं, इथेही सांगते, कारण हीच थाप किती जणांच्या गळ्यात मारली जात असेल देव जाणे. प्लेट म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारी चकती. ती झिजली की पेडल जमिनीला चिकटत नाही. प्लेट झिजली की क्लच अगदी वर येऊन पकडतो, चढावर अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन बोंबलतं, आरपीएमचा काटा चढतो, गाडी मात्र ओढत नाही आणि करपल्याचा वास सुटतो. पेडल खाली जाऊन बसतं ते तेलाचा दाब गेल्यावर. आजच्या बऱ्याच गाड्यांत केबल नाही, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच आहे. माझ्याही. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप आणि आत ब्रेक ऑइल. पाय दाबला की मास्टरमधलं तेल स्लेव्हला ढकलतं, स्लेव्ह फोर्क नावाचा दांडा ढकलतो, तो बेअरिंगला रेटतो आणि प्लेटवरची पकड सुटते. मास्टरच्या आत रुपयाच्या नाण्याहून लहान रबरी सील असतो. तो गेला की तेल पुढं जायचं सोडून मागं सरतं आणि पेडल मोकळंच खाली जातं. हाफ क्लचवर चालवून प्लेट जळते, मान्य. सील जळत नाही. सीलला गाडी बाई चालवतेय की बुवा, काही कळत नाही.

मी म्हटलं, मॅट उचला, टॉर्च लावा. तो म्हणाला, टेक्निशियन जेवायला गेलाय. मग मीच मॅट काढली, खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. पेडल जिथं मास्टरला जोडलंय तो दांडा चकाकत होता, ओला. दांड्यावरचा रबरी बूट, म्हणजे टोपण, बोटानं जरा मागे सारला तर आतून तेल ओघळून बोटावर आलं. ब्रॅकेटचा काळा रंग फोड येऊन सुटलेला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. खालचं कार्पेट चिकट. म्हणजे ही गळती आजची नाही, कित्येक आठवड्यांची आहे. बोट त्याच्यासमोर धरलं. तर काय म्हणावं त्यानं? "मग दोन्ही करून टाकू मॅडम, कायमचं टेन्शन जाईल."

दोन्ही! माझ्या गाडीत मास्टर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. स्लेव्हसुद्धा बाहेरून बसवलेला आहे. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घंटीसारख्या कव्हरच्या आत शाफ्टभोवती असतो, तिथं सगळं उतरवावं लागतं, ती गोष्ट वेगळी. इथं दोन बोल्ट आणि एक पाइप. त्यासाठी 16,800?

आता मागचं काढते, कारण ते काढल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही. वॉरंटी दिवाळीत संपली. त्याच्या आधीच्या सर्व्हिसला मी स्वतःच्या हातानं जॉब कार्डवर लिहून दिलं होतं: रिव्हर्स टाकताना करकर येते, सकाळी पेडल दोन-तीनदा मारल्याशिवाय गिअर नीट पडत नाही. पेडल पंप केल्यावर तेवढ्यापुरता दाब येतो, हे सील गळायला लागल्याचं लक्षण गॅरेजमधलं दहावीतलं पोरगं ओळखतं. यांनी त्याच्यापुढे लिहिलं, "चेक्ड, ओके." आणखी एक ओळ होती: वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा लागतो. ब्रेक ऑइल उतरलं की तोच दिवा लागतो. त्याच्यापुढे, "टॉप अप डन." टॉप अप! बंद डब्यातलं तेल कमी झालं तर ते गेलं कुठं, हा प्रश्न यांना पडत नाही? ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, नाहीतर गळती असते. दोन्हींपैकी काहीही न बघता वरून तेल ओतलं, दिवा विझला, गाडी धुतली, बिल हातात. माझ्या गाडीत क्लच आणि ब्रेकला एकाच डब्यातून तेल जातं. क्लचची नळी वरच्या अंगाला आहे म्हणून तेल उतरलं की आधी क्लच जातो, ब्रेकला तेल राहतं. कंपनीनं तेवढी अक्कल ठेवली म्हणून पुलावर ब्रेक तरी लागला. सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर असते तर?

आणि ते तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, सिलिंडर आतून गंजतो, सील घासून खराब होतात. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश लागतो, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत येऊ शकतो, म्हणजे घाटात ब्रेकचाही भरवसा गेला. हे बिलात कधी पाहिलंत? मी नाही. माझ्या बिलांत थ्रॉटल क्लीनिंग आहे. एसी डिसइन्फेक्शन आहे. इंजिन डेकार्ब, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, कसलं कसलं इंटिरिअर एनरिचमेंट आहे. न मागता लावलेलं, नको म्हटलं तरी पुढच्या वेळी पुन्हा लावलेलं. ब्रेक ऑइल बदललं, अशी ओळ एकदाही नाही.

चिडून गाडी तिथून काढली. विजापूर वेशीजवळच्या चाचांना फोन केला, त्यांचा पोरगा आला. इंजिन बंद, पहिला गिअर, स्टार्टर मारून गाडी तशीच हिसक्यानं चालू केली आणि सिग्नल टाळत गल्ल्यांतून नेली. चाचांनी जुना मास्टर काढला, नवा बसवला, मग पोराला पेडलवर बसवून हवा काढायला घेतली. "दाब. धर. छोड." खाली नळीतून जे बाहेर आलं ते काळ्या चहासारखं, तळाला रबराचे कण. स्वच्छ तेल येईपर्यंत करत राहिले. प्लेटचं विचारलं तर गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून बघितली, म्हणाले, "प्लेट कू कुछ नै हुआ बेटी. अच्छी चलाती तू." मजुरी, सिलिंडर, तेल सगळं धरून 2,650 रुपये. आणि जुना पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिला, न मागता.

घरी आले तर फॅमिली ग्रुपवर दिरांचा सल्ला तयार. "ऑटोमॅटिक घ्या वहिनी, बायकांना बरं पडतं." झालं! भावजी, 2014 साली सेलेरिओत आली आणि आता बऱ्याच छोट्या गाड्यांत मिळते त्या एएमटीत, म्हणजे स्वस्तातल्या ऑटोमॅटिकमध्ये, क्लच नसतो असं वाटतं का तुम्हाला? प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच, पायाच्या जागी क्लच दाबणारा अॅक्च्युएटर, बस. तो बिघडला तर चाचांकडे दोन बोल्ट काढून भागत नाही, कॉम्प्युटर लावावा लागतो, म्हणजे परत त्याच टॅबवाल्याच्या दारात. आणि बायकांना बरं म्हणजे काय? जुळे सोलापूर ते पार्क चौक येऊन बघा एकदा सकाळी दहाला. रंग उडालेले स्पीड ब्रेकर, दिसतात ते टायर चढल्यावर. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून हॉर्न. सात रस्त्याला रॉंग साइडनं अंगावर येणारे. उजनी भरली तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून गल्लीत टँकर आडवा, त्याच्यामागे पहिला, न्यूट्रल, पहिला, न्यूट्रल. या शहरात पाय क्लचवर जातो तो रस्त्यामुळे. पुरुषांचाही जातो. त्यांना कुणी "जेन्ट्स चालवतात ना" असं म्हणत नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जॉब कार्डची प्रत आहे, त्यावर माझं अक्षर आणि त्यांचं "ओके" शेजारी-शेजारी. न बघता काढलेलं एस्टिमेट आहे. चाचांचं बिल आहे, फाटका सील आहे. तोंडदेखलं उत्तर आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मला 2,650 रुपये आणि टोचा खर्च परत हवा, आणि ते "चेक्ड" कुणी आणि काय बघून लिहिलं याचं लेखी उत्तर हवं. सोलापुरात आणखी कुणाचं पेडल बसलं आणि बिल प्लेटचं निघालं असं झालं असेल, तर जुनी जॉब कार्डं शोधून काढा आणि मला कळवा. अर्ज एकत्र करू.