भारित खर्च म्हणजे आपोआप मिळणारा पैसा नव्हे

नमस्कार भाऊ. तुमचा आक्षेप असा: कोर्टाच्या निकालाची रक्कम भारित असते, तिला विधानसभेचं मत लागत नाही असं आम्ही लिहिलं, मग कुहीतल्या गोसीखुर्द धरणग्रस्तांचा कोर्टाने वाढवलेला जमिनीचा मोबदला वर्षानुवर्षं का अडतो? तुमचा राग रास्त आहे. लेखात अर्धीच गोष्ट आली होती.

राज्यघटनेच्या कलम 202(3) प्रमाणे हुकूमनामा (कोर्टाचा पैसे देण्याचा आदेश) भागवण्याची रक्कम भारित असते, आणि कलम 203 प्रमाणे तिच्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. पण कलम 204 म्हणतं की विनियोजन कायद्याशिवाय, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्याशिवाय, एकत्रित निधीतून (राज्याच्या तिजोरीतून) पैसा काढता येत नाही, आणि त्या कायद्यात भारित रकमाही दाखवाव्या लागतात. म्हणजे आमदार तुमची रक्कम नाकारू शकत नाहीत, पण खालून मागणीच गेली नाही तर ती रक्कम कागदावरच येत नाही.

आणि मागणी खालीच अडते. निकाल लागला की सरकारी वकिलाचं मत मागवतात: अपील करायचं का? ते ठरेपर्यंत निधी मागायला कोणी धजत नाही. खरं तर नुसतं अपील दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 नियम 5 मध्ये हे स्पष्ट आहे. शिवाय गोसीखुर्दचा पैसा विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळामार्फत येतो. ते वेगळं कायदेशीर मंडळ असल्याने भूसंपादन कार्यालय आणि महामंडळ यांच्यात पत्रं फिरत राहतात.

त्यात हिशेबाचा घोळ. 1894 च्या भूसंपादन कायद्याखालच्या प्रकरणात वाढीव रकमेवर जमिनीच्या ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे दरवर्षी 15 टक्के सरळ व्याज लागतं. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मिळणाऱ्या 30 टक्के दिलासा रकमेवरही ते मिळतं. 2001 च्या सुंदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय. दिलासा धरून 10 लाख वाढले असतील तर पहिल्या वर्षी 90 हजार, मग दरसाल दीड लाख. दहा वर्षांत व्याज 14 लाख 40 हजार, मुद्दलापेक्षा जास्त! दिवसाला चारशेवर रुपये जनतेच्या खिशातून जातात, तेही फाईल हलली नाही म्हणून. अर्धवट भरणा झाला की वाद आणखी वाढतो: कार्यालय तो मुद्दलात धरतं, तर तुमचे वकील आधी व्याजात आणि खर्चात. 2006 च्या गुरप्रीत सिंग निकालाचा कल वकिलांच्या बाजूचा आहे, म्हणून भरणा झाला त्या तारखेचं गणनापत्रक (येणं रकमेचा हिशेब) लगेच दाखल करा.

निकालाची प्रमाणित प्रत आणि गणनापत्रक भूसंपादन अधिकारी आणि प्रकल्पाचे कार्यकारी अभियंता या दोघांनाही द्या, पोच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 प्रमाणे तीन महिने उलटूनही पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावा. खुर्ची-जीपच्या जप्तीने कोटीचा हुकूमनामा फिटणार नाही. पण बेलिफ दारात आला की सरकारी वकील मुदत मागतात. ती द्यायला हरकत नाही, मात्र बदल्यात कोर्टापुढे लेखी हमी हवी: रक्कम कधी भरणार आणि कोणत्या तरतुदीतून. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) येतात, त्यामुळे प्रस्ताव दिवाळीआधी वर गेलेला बरा. तो हुकला तर मार्चची वाट, आणि न वापरलेली तरतूद 31 मार्चला व्यपगत (रद्द) होते.

चुकलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली करा, हे तुमचं म्हणणं पटतं. 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही छळाची भरपाई जबाबदार कर्मचाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं होतं. पण ती वसुली शासनाने नंतर करायची. त्यासाठी शेतकऱ्याला थांबवता येत नाही.

एक तातडीचं. त्याच भूसंपादन अधिसूचनेतल्या ज्या शेजाऱ्यांनी मोबदला वाढवून मागण्यासाठी कोर्टात संदर्भ नेला नव्हता, त्यांना 1894 च्या कायद्याच्या कलम 28अ खाली अर्ज करता येतो. मुदत कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिने, त्यातून फक्त निवाड्याचा दिवस आणि निवाड्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. गावात आजच विचारा.