मत आधी, अल्बम सवडीने

पॉवर मेटल या वेगवान, भव्य सुरावटींच्या रॉक संगीतातल्या एखाद्या कथा-अल्बमविषयी मत द्यायचे असेल, तर तो ऐकण्याची घाई मुळीच करू नये. ऐकल्याने माणूस अडचणीत येतो. एखादे गाणे नकळत आवडून जाते, एखादे तिसऱ्या खेपेस उलगडते, आणि मग पहिल्या दिवशी लखलखीत असलेल्या मताला 'पण', 'तरीही', 'बहुधा' अशी ठिगळे लावावी लागतात. ठिगळांचे मत चारचौघांत मिरवता येत नाही. सरावासाठी आपण एक असा अल्बम घेऊ, ज्याच्यावर पंचवीसहून अधिक वर्षे मतांचा पाऊस पडतो आहे आणि तरीही जो अजून पुरता भिजलेला दिसत नाही: ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडचा, एप्रिल १९९८मध्ये आलेला 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ'.

भांडवल म्हणून थोडी माहिती मात्र जवळ असू द्यावी. बँड क्रेफेल्टचा, गायक हान्सी क्युर्श, आणि हा त्यांचा सहावा स्टुडिओ अल्बम. कथा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनच्या 'सिल्मरिलियन' या ग्रंथातली. तो ग्रंथ लेखकाच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९७७मध्ये, त्याच्या मुलाने संपादित करून प्रसिद्ध केला. अल्बमचे तुकडे एकूण २२. त्यांपैकी ११ पूर्ण गाणी आणि ११ छोटे दुवे, म्हणजे कोठे निवेदन, कोठे संवाद, कोठे तलवारींचा खणखणाट, कोठे चार ओळींचे गुणगुणणे. इतके पाठ झाले की आपण या विषयातले जाणकार झालात असे समजण्यास हरकत नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे ही आपल्याकडे जुनीच कला आहे.

पहिला हल्ला नेहमी त्या ११ दुव्यांवर करावा. "गाणी उत्तम आहेत हो, पण मध्येच ती बडबड कशाला?" असा प्रश्न थोडा सुस्कारा टाकून विचारावा. या दुव्यांनी अल्बमची लय मोडते, दुसऱ्यांदा ऐकताना ते असह्य होतात आणि बँडला कोणीतरी आवरायला हवे होते, ही तिन्ही वाक्ये याच क्रमाने म्हणावीत. हे सर्व दुवे एकत्र केले तरी साधारण पासष्ट मिनिटांच्या अल्बममध्ये त्यांची बेरीज सात-सव्वासात मिनिटांच्या पुढे जात नाही, हे कोणी घड्याळ लावून दाखवू लागल्यास त्याला रुक्ष ठरवावे. रसिकतेत बेरीज-वजाबाकी आणणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. आपलेच तर्कशास्त्र थोडे पुढे नेले तर संगीत नाटकात दोन पदांच्या मध्ये माणसे उगाच बोलत असतात आणि कीर्तनकाराने निरूपण गाळून केवळ अभंग म्हटले असते तर कीर्तन अर्ध्या तासात आटोपले असते, असेही म्हणता येईल. परंतु ते आपण म्हणणार नाही, कारण समोरच्या रांगेत आजी बसलेली असते.

या मताला अनुभवाचा आधार हवा असेल, तर फोनवरची सगळी गाणी एकत्र पिसावीत आणि जे नशिबी येईल ते ऐकावे. माझ्या एका स्नेह्याने ही पद्धत निष्ठेने पाळली. पहाटे फिरायला निघालेल्या या गृहस्थांच्या कानांत एका मागोमाग दोन भावगीते झाली, आणि तिसऱ्या जागी एकाएकी एक खर्जातला, दमलेला, इंग्रज आवाज उमटला. त्यात पराभूत स्वामीला पळून जाण्याची विनवणी चाललेली होती. ते जागच्या जागी थबकले, मागे वळून पाहिले, आणि त्या दिवसापासून "या अल्बममध्ये कशाचा कशाला पत्ता नाही" हे त्यांचे मत झाले. तो तुकडा अल्बमच्या अगदी आरंभी येतो, युद्ध हरल्यानंतरचा तो प्रसंग आहे आणि तेथून कथा मागे जाऊन मुळापासून सुरू होते, हे त्यांना सांगण्याचा प्रयत्न मी एकदा केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते मी गाईड विकायला आल्यासारखे.

दुसरे अमोघ अस्त्र म्हणजे "आधीचे बरे होते." हे वाक्य कोणत्याही बँडच्या कोणत्याही अल्बमला लागू पडते, मात्र येथे त्याला थोडा इतिहासही चिकटवता येतो. १९८८च्या पहिल्या अल्बममध्ये हा बँड सुसाट स्पीड मेटल वाजवत होता. त्यात आवाजांचे थरावर थर, सामूहिक गायनाच्या भिंती, ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासारखी वाजणारी गिटार असला पसारा नव्हता. तेव्हा आपण बालवाडीत होतात की जन्मायचे होतात, याचा मताशी संबंध नाही. डोळे किंचित मिटून "तेव्हा त्यांच्यात भूक होती" एवढे म्हटले की ऐकणारा आपोआप धाकटा होतो. ध्वनिमुद्रणाबद्दल बोलायचेच झाले तर बेस, म्हणजे खर्जाच्या, गिटारवर बोलावे. पूर्वी क्युर्श स्वतः गात-गात बेस वाजवीत असे. या अल्बमपासून त्याने केवळ गाणे सांभाळले आणि बेस ओलिव्हर होल्झवार्थकडे गेला. "तेव्हापासून कणाच गेला" असे ठामपणे म्हणावे. या संगीतात दोन गिटारींच्या आणि डबल बेस ड्रमच्या गदारोळात बेस वेगळा ऐकू येणारे कान फार थोड्यांना असतात, त्यामुळे पकडले जाण्याची भीती नाही.

आता ग्रंथाविषयी. आपण 'सिल्मरिलियन' वाचले असेल तर अल्बम अपुरा आहे असे म्हणावे, आणि वाचले नसेल तर अल्बम दुर्बोध आहे असे म्हणावे. दोन्ही बाजूंनी दोष बँडचाच निघतो, ही सोय दुसऱ्या फारशा अल्बमांत मिळत नाही. वाचलेल्यांना आणखी एक खेळ उपलब्ध आहे. मुखपृष्ठावर काळोखाच्या सिंहासनावर बसलेल्या मॉर्गॉथ या खलनायकापुढे नाचणारी लूथियेन, एल्फ या अमर जमातीची राजकन्या, दिसते. तिच्या आणि तिचा प्रियकर बेरेन या माणसाच्या वाट्याला गाण्यांत किती जागा आली आणि फेआनोर या एल्फाच्या हट्टी घराण्याने किती बळकावली, याचा हिशेब मांडून "चित्र एकीचे आणि गाऱ्हाणे भलत्यांचेच" असा टोला हाणावा. न वाचलेल्यांनी मात्र नावांवर घसरावे. फिन्वे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिन्रॉड, फिंगॉन: "एवढे फिन कोठून आले?" या प्रश्नाला हशा हमखास मिळतो. (हा प्रश्न विचारणारी माणसे पानिपतावरच्या विश्वासराव, सदाशिवराव, जनकोजी यांच्यात कधीही गोंधळत नाहीत, हे मी कौतुकाने नमूद करतो.)

तेराव्या क्रमांकाच्या गाण्यापासून मात्र जपून राहावे, कारण तेथे मत बिघडण्याचा संभव मोठा आहे. फिंगोल्फिन हा राजा सर्व हरले असे समजून संतापाने एकटाच घोडा फेकत मॉर्गॉथच्या दारापाशी जातो, शिंग फुंकतो आणि त्याला नावाने पुकारतो. मॉर्गॉथ देवकुळातला, त्याच्या हातात ग्रॉन्ड नावाचा घण, ज्याच्या प्रत्येक घावासरशी जमिनीत खड्डा पडतो. राजा त्याला सात जखमा करतो, तीनदा गुडघ्यांवर येतो, तीनदा उठतो, आणि शेवटी त्या खड्ड्यांत अडखळून पाठीवर कोसळतो. मानेवर पाय पडतो तेव्हाही तलवार चालवून त्याच पायावर घाव घालतो, आणि मॉर्गॉथ तेथून पुढे कायमचा लंगडतो. हे सारे पाच मिनिटांहूनही कमी वेळाच्या गाण्यात बसवले आहे, आणि ड्रम असे धावतात की ऐकणाऱ्याला आपण खुर्चीत पुढे सरकून बसलो आहोत हे नंतर कळते. अशा वेळी ताबडतोब मागे रेलावे आणि "तलवारी, राक्षस, आरडाओरडा; हे सगळे पोरकट आहे" असे मोठ्याने म्हणावे. शाहिराने डफावर थाप मारून अफझलखानाचा कोथळा काढला की आपल्या अंगावर जो काटा येतो तो संस्कृतीचा असतो. क्रेफेल्टच्या माणसाने तेच केले की तो पोरकटपणा असतो. हा फरक ज्याला समजत नाही त्याच्यापाशी अभिरुची नाही.

आवडते गाणे विचारले गेल्यास नवव्या क्रमांकाचे नाव चुकूनही घेऊ नये. तुर्गोन राजा समुद्रदेवाच्या सांगण्यावरून डोंगरांआड लपलेले नगर वसवतो त्याविषयीचे ते गाणे मैफलीत हजारो लोक हात उंचावून एकसुरात म्हणतात, म्हणजे ते सर्वांना आवडते, म्हणजे ते आपल्याला आवडू शकत नाही. त्याऐवजी हिमातल्या पायपिटीचे, जवळजवळ सात मिनिटांचे, अकराव्या क्रमांकाचे गाणे सांगावे. ते पूर्ण ऐकले असल्याचा पुरावा कोणी मागत नाही.

राहता राहिले सोळावे. येथे गिटारींचा गदारोळ थांबतो आणि पियानो सुरू होतो. एक राजा आपल्या प्रजेचा निरोप घेतो आहे. मेटलच्या चाहत्यांनी "हे येथे कशाला?" आणि मेटल न ऐकणाऱ्यांनी "असेच सगळे का नाही?" असे म्हणण्याची प्रथा आहे, आपण आपल्या गटाप्रमाणे निवड करावी. हे गाणे संपता संपता अंगठा मात्र तयार ठेवावा, कारण लगेच पुन्हा एक दुवा येतो, अर्ध्या मिनिटाचा. त्याच्या नावातला 'नोम' म्हणजे तोच एल्फ राजा, फिन्रॉड. माणसांनी त्याला त्यांच्या भाषेत ज्ञानी म्हणून दिलेले हे नाव. ज्याचा निरोप आताच ऐकला, त्याला मातीआड करताना बेरेन त्याला याच नावाने हाक मारतो. फक्त एक माणूस कबरीशी बोलतो आहे. ही ती बडबड. बटण उजवीकडे असते.