‘वाघ दिसला नाही, मग गेलात कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मध्य प्रदेशातल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानातल्या आमच्या पायी भटकंतीवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन. पाठीवर ओझं वाहून एवढं चाललो आणि वाघ दिसला नाही, म्हणजे पैसे पाण्यात. तुमच्या आई दरवर्षी नागपूरहून पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला जातात, त्याच डोंगरांतून चालतात, त्यांना गाईड लागत नाही. मग आम्हाला का लागावा? आणि आम्ही गेलो ती वाट नेमकी कुठली हे लेखात दिलं नाही, म्हणजे चांगली जागा आपल्यापुरती दडवून ठेवली.

नागद्वारचं आधी बोलते. आषाढ सरता सरता आपल्या एसटी स्टँडवर पचमढीच्या जादा गाड्या लागतात आणि ‘हर बोला हर हर महादेव’ करत माणसं भर पावसात डोंगर चढतात. विदर्भातली मंडळं वाटेत जेवणाच्या पंगती चालवतात. त्या यात्रेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी उघडते, तीही प्रशासनाच्या बंदोबस्तात. पर्यटकांसाठी उद्यानाचा गाभा, म्हणजे आतला कोअर भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंदच असतो. म्हणजे परवानगी तुमच्या आईंनाही लागते, फक्त ती सगळ्या यात्रेला मिळून दिलेली असते. शिवाय हजारो माणसांच्या गजरात अस्वल वाटेवर येत नाही. ते आधीच लांब गेलेलं असतं.

आम्ही चाललो त्या बाजूला गजर नव्हता, आणि गाईडची गरज तिथेच सुरू होते. अस्वल वारूळ फोडून वाळवी ओढत असलं की त्याला आजूबाजूचं भान राहत नाही. नजरही त्याची अधू. तुम्ही वळणावर अचानक दहा पावलांवर उभे राहिलात तर ते पळण्याआधी अंगावर येतं. जंगलात माणसं जखमी होतात ती बहुतेक अशी, दोघंही दचकल्यामुळे. आमच्या पुढे चालणारा गाईड इथल्या कोरकू आदिवासी समाजातला होता. त्याचं गाव गाभ्यातून बाहेर उठवलेल्या गावांपैकी एक. आंधळं वळण आलं की तो थांबायचा, कान द्यायचा, मग काठी दगडावर आपटून पुढे व्हायचा. वाळवी ओढतानाचा तो फुरफुर आवाज बराच लांबून येतो, पण ऐकायचा कसा हे त्याने शिकवल्यावरच आम्हाला ऐकू आला. मागे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, चालत होता. या दोघांशिवाय गेलो असतो तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा झाला असता. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याचं गाव तिथून हललं, त्याला जंगलातून रोजगार मिळण्याचा हा एक चांगला रस्ता आहे. ते पैसे मला कधीच जास्त वाटणार नाहीत.

खर्चाचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. गाईड, नाकेदार, सामानाला माणूस हे सगळं धरलं तर सफारीच्या जिप्सी गाडीतल्या एका सीटपेक्षा महाग पडतं. कॉलेजच्या पोरांना परवडेल अशी पायी फेरी उद्यानांनी काढायला हवी, असं मलाही तळमळीने वाटतं.

आता वाघ. तो होता. ओल्या रेतीत पंजा उमटलेला होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. पुढे पायवाटेच्या कडेला त्याने जमीन खरवडलेली. संध्याकाळी पलीकडच्या उतारावर वानरं खाकरली, सांबराने एकदा ढाँक दिली आणि सगळं गप्प झालं. जिप्सीत असतो तर ड्रायव्हरने गाडी तिकडे पळवली असती. आम्ही बसून राहिलो, कारण पायी माणसाने तिकडे जायचं नसतं. मला यात काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. पचमढीच्या पठारावर सालाची झाडं आहेत, खाली बोरी अभयारण्याकडे साग. हा बदल पायाखालच्या पानांच्या आवाजावरून कळतो. सागाचं पान चुरचुर मोडतं, सालाच्या राईत पाऊल मुकं पडतं. ऐनाच्या झाडाच्या सालीवर अस्वलाची नखं जुनी की नवी हे बोट लावून पाहता येतं. शेकरूचं घरटं कुठलं, गव्यांचा कळप रात्री कुठे बसला होता, हे सगळं चालण्याच्या वेगातच दिसतं. बोरीचं जंगल 1865 मध्ये राखीव झालं. इतकी वर्षं राखलेल्या रानात वाघाचा फोटो मिळाला नाही म्हणून फेरी वाया गेली, हे मी मान्य करणार नाही.

वाट मी लिहिली नाही, लिहिणारही नाही. ती फलक लावलेली पायवाट नव्हेच. पाणी कुठे उरलंय, गवे कुठे आहेत हे बघून नाकेदार आणि गाईड त्या दिवशी ठरवतील ती वाट. तिचा नकाशा इथे टाकला तर कुणीतरी मोबाईल हातात धरून, परवानगी न घेता एकटाच शिरेल. त्याचं काही बरंवाईट झालं तर दंड त्या अस्वलाला होईल आणि पायी फिरणं सगळ्यांचंच बंद होईल.

तुम्हाला जायचं असेल तर नक्की जा. रेल्वेने पिपरियाला उतरायचं किंवा छिंदवाड्यावरून गाडीने पचमढी गाठायची. आधी उद्यानाच्या कार्यालयात पायी फेरीची चौकशी करा, सध्याचे नियम तिथेच कळतील. जानेवारी-फेब्रुवारी बघा, थंडी कडक असते, जाड पांघरूण घ्या. मार्चपासून मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे झाडाखाली अस्वलं असतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा टाळावं. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर नाही, शेकोटी नाही, आणि नेलेला प्रत्येक कागद परत आणायचा. आईंनाही विचारा. नागद्वार चढणाऱ्या बाईला हे चालणं जड जाणार नाही.